धरून आणलेले खलाशी, उचल घेतलेले कोयते

बारामती-इंदापूरच्या मुलुखाला समुद्र नाही. नीरा आहे, भीमा आहे, उजनीचा फुगवटा आहे आणि या पाण्यावर उभा राहिलेला ऊस आहे. तरीही एमआयडीसीच्या रुंद रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी जी मुलं दिसतात, त्यांत पोलीस आणि लष्कराबरोबर नौदलाचं स्वप्न पाहणारीही असतात. २०२२ पासून नौदलात खालच्या पायरीवर शिरायची वाट अग्निवीराची आहे. चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. अशी अट असूनही अर्जांचा ढीग पडतो.

अठराव्या शतकात जगातल्या सर्वांत बलाढ्य नौदलाची अवस्था याच्या उलट होती. ब्रिटिश आरमाराला युद्धकाळात पुरेशी माणसं मिळत नसत आणि ती दंडुक्याच्या जोरावर धरून आणावी लागत. माणसांचा तुटवडा होता म्हणून धरपकड झाली, असं आपण सहज मानतो. मला ते पुरेसं वाटत नाही. माणसं धरून आणण्याची पाळी तुटवड्यापेक्षा जास्त एका निश्चयामुळे येते, कष्टाचा खरा भाव द्यायचा नाही या निश्चयामुळे. दंडुका टाकून दिला तरी हा निश्चय टिकतो, फक्त हत्यार बदलतो. बारामतीत बसून तेव्हाच्या खलाशांविषयी लिहावंसं वाटतं ते यासाठी.

युद्धाची चाहूल लागली की इंग्लंडच्या बंदरांत एखाद्या लेफ्टनंटच्या हाताखाली टोळ्या फिरू लागत. गुत्त्यात ठाणं मांडायचं, अंगावरच्या कपड्यांवरून, हातांवरच्या डांबरावरून, चालीवरून खलाशी ओळखायचा आणि उचलायचा. त्याहून मोठी धरपकड पाण्यावर होई. लांबच्या सफरीवरून परतणारं व्यापारी जहाज किनाऱ्याजवळ आलं की युद्धनौकेची होडी त्याला गाठे आणि त्यातले कसलेले खलाशी उतरवून घेई. घर दिसत असताना माणूस पुन्हा समुद्रावर जाई, आणि किती वर्षांसाठी ते त्याला कुणी सांगत नसे. १७४० च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या व ५५ वर्षांवरच्या माणसांना सूट दिली, पण सुटीचा दाखला खिशात बाळगून फिरावं लागे आणि गरज निकडीची झाली की दाखल्यालाही कुणी विचारत नसे. १७४७ मध्ये बोस्टन बंदरात कमोडोर नोल्सने अशीच माणसं उचलली, तेव्हा गावाने तीन दिवस दंगल केली आणि आरमाराचे अधिकारी ओलीस धरले.

आता पगार पाहू. कसलेल्या खलाशाचा पगार १६५३ मध्ये महिन्याला २४ शिलिंग ठरला, आणि महिना धरायचा २८ दिवसांचा. तो पगार १७९७ पर्यंत, म्हणजे १४४ वर्षं, तेवढाच राहिला. या काळात धान्य महागलं, घरभाडी वाढली. युद्ध लागलं की व्यापारी जहाजांवरची मजुरी दुप्पट-तिप्पट होई, आणि आरमार मात्र २४ शिलिंगांवर ठाम. तेही वेळेवर मिळत नसत. सहा महिन्यांचा पगार मुद्दाम हातात ठेवायचा, म्हणजे माणूस पळून जाणार नाही, अशी रीतच होती. जहाज परदेशात असेल तर ते परत येईपर्यंत पैसे नाहीत. किनाऱ्यावर जायची रजा क्वचित, कारण सोडला तर परत येणार नाही ही भीती. पगार गोठवल्यामुळे माणूस येत नाही, म्हणून धरून आणायचा. धरून आणला म्हणून तो पळेल, तर पगार अडकवायचा. पगार अडकतो हे ठाऊक असल्यामुळे दुसरा येत नाही. जबरदस्तीला तिची गरज अशी जबरदस्तीच पुरवत होती.

या चक्रात किती माणसं गेली, याचा एक आकडा त्या काळीच छापला गेला. १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धात ब्रिटिश आरमारात १,८४,८९३ माणसं भरती झाली. लढाईत मेली १,५१२. रोगाने मेलेली आणि बेपत्ता झालेली १,३३,७०८. बेपत्ता म्हणजे बहुतेक पळून गेलेली. शत्रूच्या तोफांनी जेवढी माणसं घेतली, त्याच्या कितीतरी पट माणसं आरमाराने स्वतःच्या रीतीने गमावली.

न्यायालयाने काय केलं? लॉर्ड मॅन्सफिल्डचं नाव आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही माहीत असतं. सॉमरसेट नावाच्या गुलामाला इंग्लंडच्या भूमीवरून जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही, असा निकाल त्याने १७७२ मध्ये दिला. चारच वर्षांनी, १७७६ मध्ये, त्याच न्यायाधीशासमोर थेम्सवरच्या टब्स नावाच्या नावाड्याचं प्रकरण आलं, आणि खलाशी धरून नेण्याचा हक्क अतिप्राचीन वहिवाटीवर उभा आहे, देशाच्या रक्षणासाठी तो लागतो, असं त्याने मान्य केलं. मला हे दोन निकाल एकत्र वाचणं फार महत्त्वाचं वाटतं. परक्याच्या मळ्यावरची गुलामी अन्याय म्हणून दिसली, आणि आपल्याच राज्याला लागणारी सक्ती गरज म्हणून दिसली. हा दृष्टिदोष एका माणसाचा नव्हता.

याच आरमारात अधिकाऱ्यांची वाट वेगळी होती, आणि तिचं कौतुक करण्यासारखं बरंच आहे. लष्करात अधिकारपद पैसे मोजून विकत मिळे, नौदलात तसं नव्हतं. ठरावीक वर्षं समुद्रावर काढायची, नौकानयन शिकायचं आणि मग लेफ्टनंटची परीक्षा द्यायची, ही पद्धत १६७७ मध्ये सॅम्युअल पीप्सने बसवली. कप्तान झालं की पुढची बढती ज्येष्ठतेने. त्याआधीच्या पायऱ्यांवर मात्र वशिला लागे. नेल्सन बाराव्या वर्षी मामाच्या जहाजावर चढला, आणि १७७७ मध्ये परीक्षा देताना परीक्षकांत मामा बसला होता. विसाव्या वर्षी तो कप्तान झाला. तो असामान्य होता यात शंका नाही, पण असामान्य माणसालाही दार उघडणारा मामा लागला. जेम्स कुकला मामा नव्हता. तो १७५५ मध्ये साधा खलाशी म्हणून दाखल झाला आणि लेफ्टनंट व्हायला त्याला तेरा वर्षं लागली. आणि हेही ध्यानात ठेवावं लागेल की तो स्वतःहून आला होता.

खरा भेद मात्र पगारात किंवा वशिल्यात संपत नाही. अधिकारी आरमाराचा असे, खलाशी जहाजाचा. जहाज मोहिमेवरून येऊन मोकळं झालं की अधिकाऱ्याला अर्धपगार सुरू होई आणि ज्येष्ठतेच्या यादीत त्याचं नाव राही. खलाशाचं नाव जहाजाबरोबर मिटत असे. पुढच्या युद्धात तोच माणूस, तेच कसब घेऊन, पुन्हा पहिल्या दिवसापासून, आणि बहुधा पुन्हा धरून आणलेला. लुटीतही हीच वाटणी. १७०८ च्या कायद्याप्रमाणे पकडलेल्या जहाजाच्या किमतीचे आठ भाग होत. तीन कप्तानाच्या बाजूचे, त्यांतला एक त्याच्या अ‍ॅडमिरलकडे जाई, आणि शेकडो खलाशांत मिळून दोन. १७६२ मध्ये ‘हर्मायनी’ हे स्पॅनिश जहाज हाती लागलं, तेव्हा दोन कप्तानांना प्रत्येकी सुमारे ६५,००० पौंड मिळाले आणि एकेका खलाशाला सुमारे ४८५. खलाशाच्या हिशेबाने ही तीस वर्षांची कमाई होती, म्हणून तो खूश झाला असेल. पण असं जहाज लाखात एकाच्या वाट्याला येई.

ही सगळी रीत आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकली. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा विल्यम जेम्स हा वेल्समधल्या साध्या घरातला मुलगा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारात १७४७ मध्ये आला, चार वर्षांत त्याचा प्रमुख झाला, आणि सुवर्णदुर्गानंतर मायदेशी जाऊन कंपनीचा संचालक, अध्यक्ष, बॅरोनेट. तो वारल्यावर त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर मनोरा बांधला. तो आजही उभा आहे आणि त्याला सुवर्णदुर्गाचंच नाव आहे. सुवर्णदुर्ग पडल्याच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. लूट कुणी किती घ्यायची, हे मुंबईहून निघण्यापूर्वीच बैठक घेऊन ठरलं होतं. क्लाइव्हचा वाटा कप्तानाएवढा की त्याहून वर, यावर वाद झाला. किल्ल्यातून सुमारे दहा लाख रुपये निघाले. ज्या नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना या मोहिमेत बोलावलं, त्यांना त्यांतलं काही मिळालं नाही, आणि मराठी किनाऱ्याचं सर्वांत मोठं आरमार गेलं. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. आपल्या इतिहासात या घटनेची हळहळ नानासाहेबांच्या राजकीय चुकीपुरती केली जाते. जळालेल्या गुराबांवरचे तांडेल आणि खलाशी कुठे गेले, त्यांना पुढे कुणी पोसलं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

मराठी आरमाराचा विचार मुळात काय होता, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतं. ते १७१५-१६ च्या सुमाराचं. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, पावसाळ्यात छावणी कुठे करावी, अशा बारकाव्यांबरोबर त्यात दोन गोष्टी आहेत ज्यांची जोड मला ब्रिटिश कागदांत दिसत नाही. पहिली ही की आरमाराच्या वेतनाला नेमलेल्या महालांचा ऐवज तोडून द्यावा, लुटीच्या मिळकतीवर ते सोडू नये, कारण मग व्यापाऱ्यांना उपद्रव होतो आणि बंदरं ओस पडतात. दुसरी झाडांची. आंबा-फणसाचं लाकूड जहाजाला उपयोगी असलं तरी रयतेच्या झाडांना हात लावू नये, कारण ती रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं, जुलूम करू नये. युद्धसामग्री गोळा करतानाही धन्याची संमती आणि मोल या दोन गोष्टी सुटत नाहीत, हे तत्त्व त्या काळात लिहून ठेवणारं राज्य मला मोठं वाटतं.

पण ते तत्त्व माणसापर्यंत पोहोचलं का? इंग्लंडसारखं धरपकडीचं स्वतंत्र खातं मराठी आरमारात नव्हतं. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी या समाजांचं घरच किनाऱ्यावर होतं, किल्ल्यांच्या सावलीत. पावसाळ्यात जहाजं वर ओढली जात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुन्हा खुला होई, म्हणजे खलाशी दरवर्षी घरी येत असे. वर्षानुवर्षं जहाजावर कोंडून ठेवायची गरजच पडत नव्हती. शिवाजी महाराजांच्या काळात मायनाक भंडाऱ्यासारखा माणूस १६७९ मध्ये खांदेरीच्या झुंजीत पुढे होता, म्हणजे त्या समाजांतून वर चढायला वाटही होती. अठराव्या शतकात ती अरुंद झाली. सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, आंग्र्यांच्या घरात, विजयदुर्गाचं आरमार धुळपांच्या घरात. आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ इंग्रजांचं ‘रेंजर’ पकडलं, ही मराठी आरमाराच्या शेवटच्या मोठ्या झुंजींतली एक. कर्तृत्व होतंच, पण पद वतनासारखं झालं होतं. इंग्रजांकडे परीक्षा होती आणि आपल्याकडे घराणं, हा फरक पुढे महागात पडला.

आणि घाटावर वेठ होती. ओझी वाहणं, गवत-लाकूड आणणं, किल्ल्यांची डागडुजी, ही कामं मोबदल्याशिवाय करून घेणं ही पेशवाईतली नित्याची गोष्ट होती, आणि तिचा सर्वांत मोठा भार महारांवर पडे. झाडाच्या धन्याला राजी करा म्हणणाऱ्या राज्यात माणसाला राजी करायची गरज वाटली नाही, कारण जातीने ते काम आधीच ठरवलेलं होतं. टोळी पाठवायची गरज पडत नव्हती ती एवढ्यासाठी. बारामतीचा त्या राज्याशी संबंध घोडदळाइतकाच पैशाचाही होता. बाबूजी नाईक बारामतीकर हे पहिल्या बाजीरावांचे सावकार, घराणं पेशव्यांच्या सोयरिकीतलं. फौजेचा पगार कर्जातून, कर्ज वसुलीतून, वसुली रयतेतून. वर थकलेलं देणं शेवटी ज्याच्याकडे नाही म्हणायची ताकद नाही त्याच्या अंगावर जाऊन पडे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते याच वेठीचं मूळ उपटण्यासाठी.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप आहे. ब्रिटिश आरमाराला शांततेत सोळा-वीस हजार माणसं लागत आणि युद्धात ऐंशी हजारांच्या वर. पुढे नेपोलियनच्या काळात हा आकडा १ लाख ४० हजारांच्या आसपास गेला. खलाशी एका वर्षात तयार होत नाही. डोलकाठीवर चढून वादळात शीड आवळणं हे लहानपणापासून अंगात मुरावं लागतं. मग पगार दुप्पट केला तरी देशात नसलेले खलाशी येणार कुठून? हा युक्तिवाद खोटा नाही. तुटवडा खराच होता, आणि आरमारात स्वतःहून आलेलेही हजारो होते. पण १७९७ च्या एप्रिलमध्ये स्पिटहेडला ताफ्याने नांगर उचलायला नकार दिला, तेव्हा त्यांनी काय मागितलं ते पाहा. पगारवाढ, अन्नाचं पुरतं वजन (पौंडाला सोळा औंसांऐवजी चौदाच मिळत), आजाऱ्यांची काळजी आणि बंदरात असताना घरी जायची मुभा. धरपकड बंद करा, अशी मागणी त्यात नव्हती. जे लोक धरून आणले गेले होते, त्यांनाही ठाऊक होतं की मूळ दुखणं कुठे आहे. सरकारने पगार वाढवला, माफी दिली, ताफा समुद्रावर गेला. नोअरला त्यानंतर बंड झालं, तेव्हा त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर आणि इतर अनेकांना फाशी झाली. वाढीव पगाराने तिजोरी बुडाली नाही.

निर्णायक पुरावा नंतरचा आहे. १८५३ मध्ये ब्रिटिश नौदलाने खलाशांसाठी दहा वर्षांची सलग नोकरी सुरू केली, बरा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन दिलं. खलाशी आता जहाजाचा न राहता नौदलाचा झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं आणि धरपकडीच्या टोळ्या निघाल्या नाहीत. तुटवडा हेच कारण असतं, तर टोळ्या तिथेही दिसायला हव्या होत्या.

दंडुका गेल्यावर त्याची जागा कशाने घेतली, हे मुंबई आणि कलकत्ता बंदरांत दिसलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी बोटींवर चढत ते घाटसारंग या दलालामार्फत. तो आधी कर्ज देई, राहायला जागा देई, आणि बोट मिळाली की पगारातून कापून घेई. धरायला कुणी यावं लागत नव्हतं, माणूस स्वतःच्या पायाने येई, कारण घेतलेले पैसे खर्चून झालेले असत.

इथे मी आमच्या भागात परत येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी: गळीत सुरू झालं की या कारखान्यांच्या परिसरात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतल्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, आणि दोघं मिळून एक मोजली जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, कारण तेव्हा घरात पैसा नसतो. ती तोडणीतून फेडायची, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. उचल घेऊन पळालेल्या माणसांना डांबून ठेवल्याचे गुन्हे महाराष्ट्रात नोंदले गेले आहेत. उचल घेऊन मुकादमच परागंदा झाला म्हणून बुडालेले वाहनमालकही या भागात थोडे नाहीत, आणि त्यांचं दुःखही खरं आहे. पण दोन्हींचं मूळ एकच: मजुरी आगाऊ कर्जाच्या रूपाने द्यायची आणि तीही मधल्या माणसाच्या हाती. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत ठरलेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ वरून ३६६ रुपये. एका हंगामात एवढी वाढ देता येते, तर आधीचा दर किती मागे राहिला होता ते त्यावरूनच कळतं. आणि त्यानंतरही कारखाने चालूच राहिले.

एमआयडीसीत कोयता नाही, उचलही सहसा नाही. तिथला भेद नेल्सनच्या जहाजासारखा आहे. इंजिनिअर कंपनीचा असतो, त्याला पद आहे, वार्षिक वाढ आहे, पुढची पायरी दिसते. त्याच मशीनवर उभा असलेला मुलगा ठेकेदाराचा असतो. ठेकेदार बदलला की त्याची सेवा शून्यापासून मोजायची, आणि २४० दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ देण्याची युक्ती औद्योगिक वसाहतींत कुणालाच नवी नाही. वर्षानुवर्षं तेच काम, आणि दरवेळी पहिला दिवस. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी माणूस ठेवण्याला बंदी घालता येत होती. ती बंदी कुठे घालायची, हे सरकारच्या मर्जीवर राहिलं.

आपल्याकडच्या न्यायालयाने एका बाबतीत मॅन्सफिल्डच्या फार पुढे पाऊल टाकलं आहे. संविधानाचं २३ वं कलम वेठबिगारीला बंदी करतं. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं हीसुद्धा वेठ आहे, कारण भूक ही हातातल्या काठीइतकीच सक्ती करते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहेच. म्हणजे उचलीला कायद्याच्या भाषेत काय म्हणायचं, हे ठरायचं राहिलेलं नाही.

राहिलं आहे ते कागदावरचं नाव. कारखान्याचा करार वाहनमालकाशी, वाहनमालकाचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा कोयत्याशी, तोही बहुधा तोंडी. यात ऊस तोडणाऱ्या बाईचं नाव कुठेच येत नाही, जरी मोळी बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवते ती. कारखान्याने नवरा-बायको दोघांची स्वतंत्र नोंद करावी, मजुरी दर पंधरवड्याला दोघांच्या खात्यांवर वेगवेगळी जमा करावी, पावसाळ्यातल्या गरजेसाठी बिनव्याजी आगाऊ रक्कम हवीच असेल तर ती स्वतः द्यावी आणि न फिटलेला भाग पुढच्या हंगामावर नेऊ नये. यंदा आलेली जोडी पुढच्या वर्षी आली तर तिची सेवा सलग धरावी. टनाच्या दराचा पुढचा करार तीन वर्षांसाठी ठरेल, तेव्हा टक्केवारीच्या घासाघिशीआधी या बाबी चर्चेला घ्यायला हव्यात.